ताकासारखं ऑइल: द्राक्षबागेतल्या एका छोट्या ट्रॅक्टरचं प्रकरण

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी साडेसहाला नानांचा फोन आला. "मिस्तरी, लिफ्ट परत ओरडायला लागली. कांडी काढून बघितली तर ऑइल परत ताक झालंय." लिफ्ट म्हणजे मागचं अवजार उचलणारी यंत्रणा, आणि कांडी म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी. ऑगस्टमध्ये ते ऑइल मीच बदललं होतं, फिल्टरही नवा टाकला होता. "आता वर्षभर बघायला नको," असं सांगूनही आलो होतो. चार महिन्यांत तेच दुखणं परत उभं राहिलं, म्हणजे मी ते बरं केलंच नव्हतं. हे प्रकरण पहिल्यापासून लिहून काढतोय, माझ्या चुकीसकट, कारण पाणी शिरलेलं ऑइल घेऊन दर हंगामात दोन-तीन ट्रॅक्टर माझ्याकडे येतात आणि बहुतेकांचं ऑइल याआधी एकदा बदललेलं असतं.

नानांची वस्ती नाशिकच्या दिंडोरी तालुक्यात, पालखेड धरणाच्या खालच्या अंगाला, कादवा नदीपासून हाकेच्या अंतरावर. सहा एकर द्राक्ष, ९ बाय ५ फुटांची लागवड. ट्रॅक्टर २४ एचपीचा, तीन सिलिंडर, फोर व्हील ड्राइव्ह. मांडवाखालून, ओळीतून जाईल असा अरुंद. मागे थ्री पॉइंटला ४०० लिटरचा फवारणीचा ब्लोअर, पीटीओ (इंजिनचा जोर अवजाराला देणारा मागचा शाफ्ट) ५४० फेऱ्यांवर. छाटणीआधी रोटाव्हेटर आणि शेणखत, छाटणीनंतर काढणीपर्यंत फवारणी. याच्याकडून मालवाहतूक फारशी नाही, रस्त्यावर पळणं नाही. पण बागेतल्या ट्रॅक्टरचे तास नुसते मोजून चालत नाही. हे तास सल्फरच्या धुळीत, मोरचुदाच्या पाण्यात, दवात आणि चिखलात गेलेले असतात.

या ट्रॅक्टरच्या पोटात गियर, डिफरन्शियल, ऑइलमधले ब्रेक आणि लिफ्ट या सगळ्यांना मिळून एकच ऑइल आहे, २२ लिटर. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरची रचना अशीच असते. एकाच ऑइलने गियर वंगणायचे, ब्रेकच्या प्लेटा थंड ठेवायच्या आणि लिफ्टचा दाबही त्यानेच तयार करायचा. म्हणून याला वेट ब्रेकवालं ट्रॅक्टरचं खास ऑइल लागतं, दुकानदार त्याला यूटीटीओ म्हणतात. कोणी त्यात साधं ९० नंबरचं गियर ऑइल ओतलं की ब्रेक दाबताना घरघर सुरू होते आणि थंडीत पंपाला ते जाड ऑइल ओढवत नाही. नानांनी ती चूक केलेली नव्हती. त्यांच्याकडे ऑइलची बादली बरोबर होती, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिली खेप, ऑगस्ट

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात ट्रॅक्टर पहिल्यांदा दाखवला. मीटरवर ८१२ तास. तक्रार अशी, की सकाळी पहिल्या अर्ध्या तासात लिफ्ट उचलताना शिट्टीसारखा कुंई आवाज येतो, रोटाव्हेटर झटके खात वर येतो, गरम झाल्यावर थोडं बरं वाटतं. त्याआधी एका गॅरेजवाल्याने "पंप गेला" म्हणून निकाल देऊन टाकला होता आणि नाना पंपाची चौकशी करून आले होते.

पंप गेला असं मला वाटलं नाही, आणि त्याला कारण होतं. रोटाव्हेटर एकदा वर उचलल्यावर तिथेच थांबत होता. इंजिन बंद करून चहा पिऊन आलो तरी बोटभरही खाली बसला नव्हता. उचललेलं अवजार आपोआप खाली येत असेल तर लिफ्टच्या सिलिंडरचं सील किंवा व्हॉल्व्ह बघायचा. उचलायलाच उशीर लागत असेल, झटके बसत असतील आणि सोबत कुंई आवाज असेल, तर पंपाला ऑइल पुरेसं पोचत नाही असं धरायचं. पंप उपाशी राहिला की ओढल्या जाणाऱ्या ऑइलमध्ये बुडबुडे होतात, ते दाबाखाली फुटतात आणि तो आवाज येतो. आणि पंपाला उपाशी ठेवणारी पहिली वस्तू म्हणजे त्याच्या तोंडाशी असलेला फिल्टर.

कांडी काढली, ऑइल पांढरं. फिल्टर खोलून कापला तर आतला कागद फुगलेला, घड्या एकमेकींना चिकटलेल्या, पावसात भिजलेल्या वहीसारखा. फिल्टरचा कागद पाणी पितो आणि फुगतो. फुगला की त्यातली भोकं बुजतात. कचरा फारसा नसतानाही फिल्टर चोंदू शकतो तो असा. आवाजाचं कारण सापडलं होतं. पंप काढायची गरज नव्हती.

मग पाणी आलं कुठून? गियर लिव्हरच्या बुडाशी असलेला रबरी बूट फाटलेला होता, चांगली दोन बोटं आत जातील इतका. ट्रॅक्टर पावसाळाभर पत्र्याच्या अर्ध्या शेडमध्ये, तोंड पश्चिमेला. पावसाचं पाणी लिव्हरवरून ओघळून थेट पोटात. मला ते इतकं पटलं की पुढे शोधलंच नाही. बूट बदलला, मागचा ड्रेन बोल्ट उघडून ऑइल काढलं, नवा फिल्टर, २२ लिटर नवं ऑइल. इंजिनचं ऑइल आणि फिल्टर १००० तासांना करू असं ठरलं, कारण ते ७५० ला झालेलं होतं आणि या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत त्याला २५० तासांचा टप्पा आहे.

त्या दिवशी मी दोन गोष्टी केल्या नाहीत. ट्रॅक्टरला खालच्या बाजूला तीन ड्रेन बोल्ट आहेत: एक मागे, आणि मागच्या दोन्ही चाकांच्या एक्सलखाली एकेक. मी फक्त मागचा उघडला. एक्सलच्या हाऊसिंगमध्ये तळाला साचलेलं पांढरं ऑइल तिथंच राहिलं आणि नव्यात मिसळलं. दुसरं, सीट उचलून ट्रान्समिशनचा ब्रीदर, म्हणजे गियरच्या पोटातली हवा आत-बाहेर जाऊ देणारी नळी, बघितला नाही. तिथे सल्फर आणि मातीचा इतका जाड लेप होता, की तिथे काही आहे हेच दिसत नव्हतं. साफ केल्याशिवाय ते दिसणार नव्हतं, आणि ते साफ करणं माझंच काम होतं.

दुसरी खेप

डिसेंबरमध्ये गेलो तेव्हा मीटर ९४७ वर होता. बाग छाटून पन्नासेक दिवस झालेले, फुलोरा चालू. वातावरण खराब, तीन दिवस ढग, सकाळी पानांवरून दव ठिबकत होतं. या अवस्थेत डाउनी, म्हणजे केवडा रोग, घडावर उतरला तर वर्षाचं पीक हातातून जातं, आणि गळकुजेची धास्ती वेगळीच. त्यामुळे ट्रॅक्टर एक दिवससुद्धा उभा ठेवायची नानांची तयारी नव्हती, आणि मी त्यांच्या जागी असतो तर माझीही नसती.

यावेळी आधी ऑइलकडेच नीट बघायचं ठरवलं. पांढरं ऑइल दोन कारणांनी होतं, पाण्याने किंवा हवेने. पातळी कमी असली किंवा ओढणाऱ्या नळीचा जोड ढिला असला की पंप हवा ओढतो, ऑइलला फेस येतो आणि तेही दुधाळ दिसतं. दोन्हींवरचे इलाज अगदी वेगळे, म्हणून हा फरक आधी ठरवावा लागतो. काचेच्या बाटलीत नमुना घेऊन खिडकीत ठेवला. हवेचा फेस असेल तर तास-दोन तासांत बुडबुडे वर येऊन ऑइल निवळतं. आमची बाटली संध्याकाळपर्यंत तशीच ढगाळ होती. दुसऱ्या दिवशी तळाशी पाण्याचा बारीक थर दिसला, वरचं ऑइल तरीही पांढरंच. या ऑइलमध्ये पाणी धरून ठेवणारी द्रव्यं असतात, त्यामुळे ते पूर्ण वेगळं होत नाही.

बाटलीची वाट बघण्याआधी तव्याची परीक्षा केली. वहिनींनी फुटक्या कडेचा, टाकून द्यायचा तवा दिला. चुलीवर तो चांगला तापू दिला आणि काडीने ऑइलचा एक थेंब सोडला. तडतड तडतड, फोडणीत मोहरी उडावी तसा. मग शेडमधल्या बादलीतल्या नव्या ऑइलचा थेंब सोडला. तो नुसता पसरला, पातळ झाला, कडेने थोडा धूर आला, आवाज काही नाही. नानांचा धाकटा बाजूला उभा होता. "काका, मग हे पाणीच." पाणीच. ही परीक्षा करताना डोळे लांब ठेवायचे, थेंब काडीच्या टोकाइतकाच घ्यायचा आणि तो तवा परत भाकरीला वापरायचा नाही.

मग नाना एक वाक्य सहज बोलून गेले आणि सगळं त्या वाक्यात होतं. "पण ऑइल कमी नाही झालं बरं का मिस्तरी. उलट भरपूर आहे." कांडी पुसून परत घातली. पातळी वरच्या खुणेच्या बोटभर वर. ऑगस्टमध्ये मी ते बरोबर खुणेवर सोडलं होतं. गियरबॉक्समध्ये ऑइल वाढत नसतं. पातळी वर गेली म्हणजे दुसरं काहीतरी आत आलं. आपण सगळे कमी झालेल्या पातळीकडे बघतो, वाढलेलीकडे कोणी बघत नाही. उलट ती दिसली की बरं वाटतं.

पाऊस संपून अडीच महिने झाले होते. नवा बूट जागेवर घट्ट होता, पावडर टाकून पाहिला, कुठे चीर नाही. म्हणजे पाणी पावसाचं नव्हतं. थंडीत आतल्या हवेचं दव जमून पाणी होतं, असंही लोक म्हणतात, आणि निफाडकडच्या थंडीत ते खोटंही नाही. पण तो त्रास पाच-दहा मिनिटं चालवून बंद करायच्या ट्रॅक्टरला होतो. नानांचा ट्रॅक्टर एका फवारणीला अडीच-तीन तास सलग चालतो, पोट चांगलं गरम होतं, जमलेलं दव वाफ होऊन ब्रीदरमधून निघून जातं. दवाने पातळी बोटभर वर जात नाही.

मग म्हटलं, मला सकाळची फवारणी संपल्यावर काय काय करता ते दाखवा. काहीही बदलू नका, रोजच्यासारखं करा.

शेडमागचं धुणं

साडेनऊला ट्रॅक्टर बागेतून आला. इंजिन बंद केलं आणि गडी लगेच एचटीपीची (फवारणीच्या जास्त दाबाच्या पंपाची) गन घेऊन आला. फवारणीच्या पंपाचाच दाब, तोच नोझल पिळून बारीक धार केलेली. ब्लोअरचा पंखा, मागची चाकं, पीटीओचा शाफ्ट, मग धार सीटखाली. सल्फरचा पिवळा थर तिथेच सगळ्यात जास्त बसतो, त्यामुळे धार तिथेच सगळ्यात जास्त वेळ. मी ट्रान्समिशनच्या हाऊसिंगला हात लावला, चटका बसला. गार पाणी पडताच वाफ उठत होती.

गडी काही चूक करत नव्हता. सल्फर आणि तांब्याचं औषध पत्र्यावर, नटांवर राहू दिलं तर गंज धरतो, म्हणून रोज धुवा, असं मीच या घरात सांगितलं होतं. धुवायचं कधी आणि कुठे, ते सांगितलं नव्हतं.

सीट उचलली. ट्रान्समिशनच्या वरच्या झाकणाला मध्ये खोलगट भाग आहे, तिथे कपभर पाणी साचलेलं. त्या खळग्यात लेप खरवडला तर खाली ब्रीदरची नळी निघाली, करंगळीएवढी. तिच्यावरची छत्रीसारखी टोपी नव्हती. टोपीच्या जागी साडीच्या तुकड्याचा बोळा, सुतळीने घट्ट बांधलेला, पाण्याने चिंब. नाना म्हणाले, "मीच बांधला. टोपी कुठे पडली कळलं नाही, दोन वर्षं झाली असतील. धूळ जायला नको आत म्हणून."

धूळ जाऊ नये म्हणून काळजीने बांधलेला तो बोळा पाणी धरून ठेवायला होता आणि नळीचं तोंड त्याच्या खाली. आता पाणी आत ओढलं कसं जातं ते बघायचं होतं. कारण बोळा भिजला म्हणजे पाणी आत गेलं, असं नुसतं म्हणून भागत नाही. ऑगस्टमध्ये बुटाच्या बाबतीत मी तेवढ्यावरच थांबलो होतो.

दुसऱ्या दिवशी नळी कोरडी केली आणि फवारणी संपवून ट्रॅक्टर आल्या आल्या तिच्या तोंडावर पातळ पॉलिथिनची पिशवी, थोडी हवा राहील अशी, रबरबँडने बांधली. मग ब्रीदरपासून लांब, हाऊसिंगच्या दोन्ही अंगांवर बादलीने गार पाणी ओतलं. पिशवी हळूहळू मऊ पडली, चुरगळली, आणि दहाएक मिनिटांत नळीच्या तोंडाला आतून ओढल्यासारखी चिकटली. धाकट्याने बोट लावून बघितलं, सुटेना.

हिशोब साधा आहे. ऑइलच्या वर पोटात बारा लिटरभर हवा असेल असं धरा. ती ७० अंशांवरून ४० अंशांवर आली तर सुमारे एक लिटरने आकसते, आणि तेवढी जागा भरायला बाहेरून काहीतरी आत येणार. ब्रीदर उघडा आणि कोरडा असेल तर हवा येईल. ब्रीदरवर पाणी उभं असेल तर पाणी येईल. दर धुण्याला अर्धा कप, म्हणजे ५० मिली धरलं, आणि छाटणीपासून तीस धुणी, तर दीड लिटर. ऑइल काढलं तेव्हा खूण केलेल्या डब्याने मोजलं. ऑगस्टमध्ये २२ लिटर घातलेलं, तिन्ही बोल्टांतून मिळून २३ च्या वर निघालं, आणि लिफ्टच्या सिलिंडरमध्ये, नळ्यांमध्ये राहिलेलं वेगळंच.

पीटीओच्या सीलवरही संशय होता. तिथे थेट धार मारली तर सीलच्या ओठावरून थोडं पाणी आत जाऊ शकतं. सील बाहेरून पुसून ट्रॅक्टर चालवला तर किंचित ओलसर होत होतं, थेंब पडत नव्हता. ते नोंदवून ठेवलं.

काढणं आणि भरणं

ऑइल गरम असतानाच काढायचं, म्हणजे तळाची घाण त्याबरोबर निघते. ट्रॅक्टर सपाट जागेवर, ब्लोअर सोडलेला, लिफ्टचे हात पूर्ण खाली, म्हणजे सिलिंडरमधलंही जेवढं येईल तेवढं येतं. तिन्ही बोल्ट उघडले आणि रात्रभर तसंच ठेवलं. बोल्टच्या टोकाला लोहचुंबक आहे. त्यावरचा राखाडी, लोण्यासारखा लेप बोटांमध्ये चोळून बघितला, मऊच. हा गियरच्या रोजच्या झिजेचा, त्याने घाबरायचं नाही. कण बोटाला टोचले, चकाकणारे तुकडे दिसले, तर मात्र झाकण उघडावं लागतं. इथे तुकडे नव्हते. एक्सलच्या डाव्या बोल्टातून आधी जवळजवळ निव्वळ पाणीच आलं, चहाच्या कपभर. ऑगस्टमध्ये हेच राहिलं होतं.

पाणी शिरलेलं ऑइल एका खेपेत स्वच्छ होत नाही, दोनदा बदलावं लागतं. नानांच्या कपाळाला आठी पडली, "दोन बादल्या?" आणि एवढ्या महागाईत ती पडणारच. आम्ही मध्यम मार्ग काढला. पहिली बादली नवी, त्याच प्रतीची, भरली. फिल्टर नवा. त्यावर बागेचं काम दहा तास चालू ठेवलं, कारण डाउनी कोणासाठी थांबत नाही. दहा तासांनी परत गरम असतानाच काढलं, फिल्टर परत बदलला, मग दुसरी बादली. पहिल्या खेपेचं ऑइल किंचित धुकट निघालं, तव्यावर एखाद-दुसरा तडतडला. दुसऱ्या खेपेचं स्वच्छ.

फिल्टर बसवताना त्याच्या रबरी वॉशरला बोटाने ऑइल लावायचं, कोरडा लावला तर वॉशर पिळवटतो. पान्याने आवळायचा नाही. वॉशर टेकल्यावर फिल्टरवर लिहिलेलं असतं तेवढंच हाताने पुढे. मग इंजिन चालू, लिफ्ट दहा-बारा वेळा वर-खाली, परत बंद, परत कांडी. नवा फिल्टर आणि रिकाम्या नळ्या ऑइल पितात, म्हणून पहिल्या मापावर विसंबायचं नाही. पंपावर गेज लावून दाब बघितला, पुस्तिकेत दिलेल्या हद्दीत होता. ऑगस्टपासून पाणी मिसळलेल्या ऑइलवर चालून पंप वाचला, हे नशीब. दोन हंगाम असेच गेले असते तर बेअरिंगला आणि लिफ्टच्या सिलिंडरला गंज धरला असता, मग पंपाच्या चौकशीची वेळ खरोखरच आली असती.

ब्रीदरला नवी टोपी बसवली, कंपनीची. तात्पुरता उपाय म्हणून नळीला रबरी पाइप जोडून तोंड उंचावर, खाली वाकवून बांधता येतं, तेही चालतं. कापड मात्र कधीच नाही.

ट्रॅक्टर उघडाच होता म्हणून बाकीचंही बघितलं. इंजिनचं ऑइल काळं, पण डिझेलच्या इंजिनात नवं ऑइलही काही तासांत काळं होतंच. त्यात पाणी नव्हतं, पातळी बरोबर होती, ५३ तास शिल्लक होते, म्हणून हात लावला नाही. पुढच्या एक्सलचं ऑइल वेगळं असतं आणि फोर व्हीलच्या ट्रॅक्टरमध्ये तेच सगळे विसरतात. इथेही अर्धा लिटर कमी होतं. डिझेल फिल्टरच्या वाटीतून दोन चमचे पाणी काढलं आणि संध्याकाळी टाकी भरून ठेवायला सांगितलं, कारण रिकाम्या टाकीत रात्री दव जमतं.

एअर फिल्टरबद्दल मात्र थोडं जास्त लिहायला हवं. बाहेरचा कागदी फिल्टर गडी रोज चाकावर आपटून साफ करत होता आणि महिन्यातून एकदा पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने, पूर्ण दाबाने, बाहेरून हवा मारत होता. आत बल्ब धरून अंधारात फिरवला तर एका घडीतून टाचणीएवढा उजेड आरपार आला. त्या एका भोकातून बागेतली बारीक धूळ थेट पिस्टनपर्यंत जाते. हवा आतून बाहेर मारायची, दाब ३० पीएसआयच्या आत, नोझल लांब. आतला छोटा सुरक्षा फिल्टर साफ करायचाच नसतो, तो बदलायचा असतो. दोन्ही बदलले.

काढलेलं ऑइल एकूण पंचेचाळीस लिटरच्या आसपास झालं. गड्याने विचारलं, "मांडवाच्या अँगलला लावू का, गंज लागत नाही." नानांनीच त्याला अडवलं. ते ऑइल ओघळून मुळाशी जाणार, आणि यांचा माल निर्यातीला जातो, घडाची रेसिड्यू (उरलेल्या अंशाची) तपासणी होते. सगळं झाकणाच्या ड्रममध्ये भरून माझ्या गॅरेजवर आणलं. तिथून जळकं ऑइल गोळा करणारा परवानाधारक ते नेतो.

धुण्याची नवी रीत

फवारणीनंतर ब्लोअर लगेच धुवायचा, त्याचं औषध वाळू द्यायचं नाही. ट्रॅक्टर मात्र उभा करायचा, हाऊसिंगला हात लावून धरता येईल इतका गार झाला की मग धुवायचा. हिवाळ्यात तास-दीड तास पुरतो. सीटखाली आणि पीटीओच्या सीलजवळ गनची धार नाही, तिथे बादली, ब्रश आणि फडकं. खळग्यात पाणी उरलं तर टिपून घ्यायचं. गड्याला हे पटवायला वेळ लागला नाही, चिकटलेली पिशवी त्याने स्वतः बघितली होती. त्याची एकच अडचण, दुपारी त्याला डिपिंगच्या, म्हणजे घड औषधात बुडवायच्या, कामावर जायचं असतं. म्हणून ट्रॅक्टर धुणं धाकट्याकडे आलं.

दर आठवड्याला काचेच्या बाटलीत थोडं ऑइल काढून तारीख आणि मीटर लिहून शेडच्या खिडकीत ठेवायचं, असं ठरलं. आता तिथे आठ बाटल्या आहेत. पहिली ताकासारखी, दुसरी धुकट, पुढच्या सहा मधासारख्या, मागे वर्तमानपत्र धरलं तर मथळा वाचता येतो. शेवटची १०३१ तासांची, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली. त्याआधी १००० ला इंजिनचं ऑइल आणि फिल्टर झाले. सकाळच्या थंडीत लिफ्ट आवाज न करता उचलते आणि कांडीवरची पातळी खुणेवर आहे, वरही नाही, खालीही नाही.

पीटीओचं सील अजून तेवढंच ओलसर आहे. काढणी उरकली की, एप्रिलच्या खरड छाटणीआधी, ट्रॅक्टर दोन दिवस माझ्याकडे ठेवून ते बदलायचं ठरलंय. तोवर नाना रोज सकाळी कांडी काढतात, पुसतात, परत घालतात, आणि आकडा डायरीत फवारणीच्या नोंदीखाली लिहून ठेवतात.